सोनं इराणचं, बाई नाशिकच्या
2018च्या आशियाई स्पर्धेत, जकार्तात, इराणच्या मुलींनी कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं आणि आपल्याकडे कित्येकांना शैलजा जैन हे नाव तेव्हा कुठे कळलं. नाशिकच्या या बाई तेव्हा इराणच्या प्रशिक्षक! महिला कबड्डीतली आधीची दोन्ही सुवर्णपदकं, 2010 आणि 2014ची, भारताचीच. बाईंनी तिकडे फारसी शिकून घेतली, मुलींना प्राणायाम करायला लावला. आपल्याच माणसानं आपल्याला हरवलं म्हणून कुणी नाक मुरडत असेल, तर तो निव्वळ कद्रूपणा. आपल्याकडच्या बोरी अरबसारख्या गावातल्या मुलींनाही कबड्डीला 12 बाय 8 मीटरचं मैदान पुरतं; जागेला तोटा नाही. पण खेळणं थांबल्यावर त्यातल्याच एखादीच्या हाती शिट्टी आणि महिन्याचा पगार ठेवणारी शाळा दाखवा.