परक्या अमलाखालची घडण
बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारसारख्या सरहद्दीवरच्या तहसिलीच्या गावी बसून एखाद्या तरुणाने निव्वळ हौसेखातर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम रचावयास घेतली, तर त्यास प्रथम तजवीज करावी लागेल ती निराळ्या कंपायलरची. कारण लिनक्सवर आयता मिळणारा जीसीसी हा कंपायलर, आपण बांधतो तो प्रोग्रॅम लिनक्सच्याच अमलाखाली चालावयाचा आणि तिची लायब्ररी त्याच्या दिमतीस हजर असावयाची, असे गृहीत धरून चालतो, आणि नव्या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) राज्यात तर साधे ‘प्रिंटएफ’देखील नसते. म्हणून आधी बायनयुटिल्स (असेम्बलर, लिंकर वगैरे अवजारे), मग ‘आय६८६-ईएलएफ’ या लक्ष्यासाठीचा जीसीसी मुद्दाम बांधून घ्यावयाचा, आणि सिद्ध झालेला कर्नल क्यूईएमयू या आभासी यंत्रात चालवून पाहावयाचा, असा रिवाज आहे. दुसऱ्याच्या सिस्टिमवर बसून आपली घडविण्याचे हे परावलंबन कमीपणाचे मानणाऱ्यांनी (असे मानी लोक पुष्कळ असतात) १९६९ सालची बेल लॅब्जमधील हकीकत ध्यानात घ्यावी: केन थॉम्प्सन याने युनिक्सचा आरंभीचा कर्नल ज्या पीडीपी-७ यंत्रासाठी लिहिला, त्यावर नव्हे, तर जीई-६३५ या अवाढव्य यंत्रावर असेम्बल केला, आणि भोके पाडलेल्या कागदी फिती त्या लहान यंत्राकडे वाहून नेल्या; एडिटर, असेम्बलर, शेल आणि फाइली पुसण्या-उतरविण्याच्या दोनचार आज्ञा सिद्ध झाल्या, तेव्हा कुठे ती येरझार संपली. लिनस टॉर्व्हाल्ड्सनेही १९९१ साली लिनक्स मिनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आश्रयानेच घडविली, डिसेंबरातील ०.११ ही आवृत्ती स्वतःच स्वतःस कंपाइल करू लागली, आणि पुढच्याच महिन्यात मिनिक्सचे जनक टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचा निवाडा देऊन टाकला.