डबल मारणं ही मदत नव्हे

"डॉक्टर, रिलिव्हरच आला नाही, तर मशीन सोडून जाऊ का?"

अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवणारा, चाळिशीतला माझा एक रुग्ण विचारत होता. रक्तदाब १६४/१०२. गोळ्या वेळेवर चालू, मीठ कमी केलेलं, तंबाखू सोडून वर्ष झालेलं. सुट्टीच्या दिवशी घरी मोजला की हाच आकडा १३४/८६ येतो. महिन्यात डबल किती झाल्या, असं विचारलं तर तो बोटं मोजू लागला. नऊ!

ज्यांच्या घरातलं कुणी एमआयडीसीत नाही त्यांच्यासाठी: आपली आठ तासांची पाळी संपली, पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही, म्हणून त्याचे आठ तासही आपणच उभं राहायचं, याला डबल म्हणतात. नऊपैकी दोन डबलना खरं कारण होतं. एकाच्या बायकोचं बाळंतपण, दुसऱ्याचे वडील सिव्हिलला ॲडमिट. उरलेल्या सात का झाल्या? दिवाळीत एक जण काम सोडून गेला, त्याच्या जागी कुणी घेतलंच नाही. सुपरवायझर म्हणतो, "आपलीच माणसं आहात, सांभाळून घ्या."

माझा राग या 'सांभाळून घ्या'वर आहे. बाळंतपणासाठी दिलेली पाळी ही माणुसकी. रिकाम्या जागेसाठी महिनोन्‌महिने दिलेली पाळी म्हणजे मालकाचा वाचलेला पगार. ओटीचे पैसे मिळाले तरी हिशोब बदलत नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा तासांना दुप्पट मजुरी लावली, ती जादा काम महाग पडावं म्हणून. आपल्याकडे त्या दुप्पट मजुरीकडे माणसं घरहप्त्याची सोय म्हणून बघतात. त्यांना मी दोष देत नाही, हप्ता खरा असतो.

आता शरीराचा हिशोब. सकाळी सातच्या पाळीसाठी हा माणूस पाचला उठतो. डबल संपते रात्री अकराला. म्हणजे अठरा तास जाग. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं ढेपाळतं. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा आहे ०.०३ टक्के. हा गडी थेंबभरही न पिता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो, आणि तसाच गरवारे पॉइंटवरून मुंबई-आग्रा महामार्गावर मोटारसायकल घालतो. त्याआधी आठ तास त्याचा हात मशीनपाशी होता, ते वेगळंच.

हे झालं एका रात्रीचं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ साली मिळून मांडलेला हिशोब असा: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त. झोप तुटली की इन्सुलिन नीट काम करत नाही. रात्री तीनला वडापाव आणि गोड चहा. डायबेटिसची 'सकाळची गोळी' घ्यायची कधी, हे नाईटवाल्या रुग्णांना आम्ही डॉक्टर सांगतच नाही. त्यांची सकाळ आम्ही कधी विचारतच नाही!

यावर कंपन्यांतल्या व्याख्यानांमध्ये हल्ली एक उपाय मिळतो: 'नाही म्हणायला शिका'. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. कायम कामगार नाही म्हणू शकेल. कंत्राटी पोराने दोनदा नाही म्हटलं तर तिसऱ्या दिवशी गेटवर त्याचं नाव नसतं. आणि एकट्याने नाही म्हटलं की डबल शेजारच्या मशीनवाल्याच्या गळ्यात पडते. जागा रिकामीच राहते, वर दोघांत तेढ.

आपल्याला रविवारची सुट्टी कशी मिळाली ते आठवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एकेकट्या कामगाराने रविवारी 'आज जमणार नाही' म्हटलं असतं, तर सोमवारी त्याच्या मागावर दुसरा दिसला असता.

म्हणून माझ्या रुग्णांना मी सांगतो, डबलऐवजी बदली करा. सोबत्याला अडचण आहे? त्याच्या पाळीला तुम्ही जा, तुमच्या पाळीला तो येईल. दोघांचे तास वाढत नाहीत, फक्त जागा बदलते. दोन पाळ्यांमध्ये निदान अकरा-बारा तास मोकळे राहतील एवढं बघा. डबल झालीच तर मोटारसायकल कंपनीतच ठेवून बसने किंवा कुणाच्या मागे बसून घरी जा. आणि लाइनवरच्या सगळ्यांनी मिळून महिन्याच्या डबल एका वहीत तारखेसह लिहा: कुणाची, कुणाऐवजी, का. 'जागा रिकामी' हे कारण सातदा लिहिलेली वही सगळ्यांच्या सह्यांनी वर गेली, की साहेबाला 'सांभाळून घ्या' म्हणणं अवघड जातं.

आम्हा डॉक्टरांनाही यात बोलायचा अधिकार जरा कमीच आहे. निवासी डॉक्टर असताना सलग छत्तीस तास जागल्याचं मीही मिरवलंय. त्या छत्तिसाव्या तासाला माझ्यासमोर आलेल्या रुग्णाचा विचार तेव्हा कधी शिवला नाही.

त्या रुग्णाची गोळी मी वाढवली नाही. केसपेपरवर लिहून दिलं: 'सलग दोन पाळ्या वैद्यकीय कारणास्तव देऊ नयेत.' पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याच्या लाइनवरचे आणखी दोघं सोबत होते. त्यांनाही तसाच कागद हवा होता. तपासलं, तर एकाची साखर उपाशीपोटी २१० निघाली. त्याला ठाऊकच नव्हतं.