बी प्रयोगशाळेत जाईल, हक्क कुठे जाईल?

नरक्या हे सह्याद्रीतले झाड. वास घाण, म्हणून हे नाव. पण त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य आहे आणि त्यापासून टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधे बनतात. 1966 मध्ये एका चिनी झाडातून हे द्रव्य वेगळे करणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ठाऊक असते ती तस्करी. झाड बुंध्यातून तोडले जाते, रोजंदारीवर तोडणारा पकडला जातो आणि त्याला पाठवणारा क्वचितच. मग ‘स्थानिकांनी जंगल संपवले’ हे पालुपद सुरू होते. आम्हाला ते मान्य नाही. जंगल संपवते ती मागणी, आणि मागणी शहरातून येते.

सफेद मुसळीचेही तेच. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, पण आज ती सातपुड्यात शोधावी लागते. कंद खणला की रोप गेले. बी आधीच कमी उगवते.

यावर टिश्यू कल्चर हा खरा उपाय आहे. झाडाच्या शेंड्याचा छोटा तुकडा निर्जंतुक करून पोषक माध्यमात ठेवला की त्यातून शेकडो रोपे करता येतात, मूळ झाडाला हात न लावता. पुढची पायरी कृत्रिम बियाण्याची. असा कोंब किंवा भ्रूण सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात घोळवून थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडतात. साबुदाण्यासारखा मणी तयार होतो. तो थंडाव्यात काही काळ टिकतो, दुसरीकडे पाठवता येतो.

काही मित्र याला ‘निसर्गात ढवळाढवळ’ म्हणतात. आम्ही म्हणत नाही. विज्ञानाला पाठ दाखवणे आपल्या चळवळीला परवडणारे नाही. मात्र एकाच झाडापासून काढलेली हजार रोपे म्हणजे एकच झाड हजारदा. रोग आला तर सगळी सोबत जातील. म्हणून रानातली झाडे रानातच टिकायला हवीत, आणि तिथे राहणाऱ्यांशिवाय ती टिकत नाहीत.

खरी गोम इथेच आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यात लाभवाटपाची तरतूद आहे. 2023 च्या दुरुस्तीने लागवडीतल्या औषधी वनस्पतींना सवलत दिली. म्हणजे रानातले रोप बाटलीत वाढवून शेतात लावले की ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखले, जपले, त्यांचा वाटा वजा. बियाणे कृत्रिम, वंचना मात्र अस्सल!

केरळात कानी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती शास्त्रज्ञांना दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध झाले, परवाना 10 लाखांना गेला आणि निम्मा वाटा कानींच्या ट्रस्टला देण्याचे ठरले. पुढे अडचणी आल्या; पाने गोळा करण्यावरून वनखात्यानेच आडकाठी केली. तरी वाटा देता येतो, एवढे तिथे सिद्ध झाले.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. सवलतीसाठी लागणारे उगमाचे प्रमाणपत्र गावपातळीवरची जैवविविधता व्यवस्थापन समिती देते. आपल्या गावात ती समिती कागदावर आहे की प्रत्यक्षात? लोक जैवविविधता नोंदवही कुणी भरली, वैदू आणि आदिवासी बायांना विचारून की कार्यालयात बसून? बायोटेक शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून ती वही आधी मागवावी. समितीच्या इतिवृत्तावर कुणाच्या सह्या आहेत तेही पाहावे. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात.