तिकीट कुणीही काढेल, फोन कोण उचलणार?

प्रत्येक ऑफिसात एक जण असतोच. माथेरानची पिकनिक असो, कुणाचा हनीमून असो, नाहीतर मे महिन्यात गावी जायचं असो, सगळे त्याच्याच डेस्कपाशी जातात. कुठली गाडी दादरला थांबते, कुठल्या हॉटेलात गरम पाणी सकाळी आठलाच बंद होतं, गोव्याच्या बसमधली कुठली सीट नेमकी मागच्या चाकावर येते, सगळं तोंडपाठ! बॉसच्या युरोप ट्रिपचा प्लॅनही तोच बनवतो, तोही एक्सेलमध्ये, रंग भरून. आणि मग अप्रेजलच्या महिन्यात मनासारखा आकडा आला नाही, की लंच टेबलवर हा ठेवणीतलं वाक्य टाकतो, "सोडतो यार ही नोकरी. ट्रॅव्हल एजंट होतो."

मंडळी, तो किंवा ती तुम्हीच असाल, तर आजचा कॉलम खास तुमच्यासाठी.

कमिशनचे दिवस गेले

आधी वाईट बातमी. नुसती तिकिटं विकून पोट भरण्याचे दिवस कधीच संपले. ऑगस्ट २००२मध्ये आयआरसीटीसीचं ऑनलाइन रिझर्व्हेशन सुरू झालं आणि दादरच्या खिडकीवरची रांग हळूहळू आपल्या घरातल्या कम्प्युटरवर आणि मग मोबाइलवर आली. विमान कंपन्या एजंटला तिकिटामागे जे कमिशन द्यायच्या, ते घसरत घसरत पाच टक्क्यांवर आलं होतं. नोव्हेंबर २००८मध्ये मोठ्या कंपन्यांनी तेही शून्यावर आणलं. एजंटांनी आरडाओरडा केला, बहिष्कार घातला, पण जे गेलं ते गेलं.

रेल्वेचं म्हणाल, तर आयआरसीटीसीचा अधिकृत एजंट ई-तिकिटामागे नॉन-एसीला २० आणि एसीला ४० रुपये सर्व्हिस चार्ज घेऊ शकतो. म्हणजे दिवसाला दहा तिकिटं काढली, तरी संध्याकाळच्या वडापावाची सोय! त्यात जुलै २०२५पासून तत्काळ उघडल्यावर पहिली ३० मिनिटं एजंटांना बंदी. आणि 'माझ्या पर्सनल आयडीवरून काढून देतो, वर शंभर रुपये घेतो' असा शॉर्टकट डोक्यात असेल, तर तो आत्ताच काढून टाका. रेल्वे कायद्याच्या कलम १४३नुसार विनापरवाना तिकिटांचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग या धंद्यात उरलं काय? उरला तो माणूस. आणि गंमत म्हणजे हा धंदा सुरू झाला तोही माणसापासूनच.

आपल्याच गल्लीतला इतिहास

आज लोअर परळच्या ज्या काचेच्या ऑफिसात तुम्ही बसता, तिथे एके काळी गिरणीचा भोंगा वाजायचा. लालबाग-परळच्या चाळींतल्या कोकणच्या चाकरमान्याला गणपतीला आणि शिमग्याला गावी जायलाच हवं. कोकण रेल्वे तर १९९८मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी काय? तर चाळीतला एखादा खटपट्या माणूस वाडीच्या नावाने अख्खी बस ठरवायचा. कुणाकडून किती पैसे आले ते वहीत लिहायचा, कुणाची आजी पुढच्या सीटवर बसणार, कुणाचं पोर घाटात ओकतं, हे त्याला पाठ असायचं. बस बंद पडली, तर शिव्याही त्यालाच. ना बोर्ड, ना व्हिजिटिंग कार्ड, पण आपल्याकडचा पहिला इंडिपेंडंट ट्रॅव्हल एजंट हाच!

तिकडे इंग्लंडमध्येही वेगळं काही घडलं नव्हतं. ५ जुलै १८४१ला थॉमस कुक नावाच्या गृहस्थाने पाचेकशे माणसं गोळा केली आणि लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेऊन आणली. अंतर अवघं ११ मैल, तिकीट एक शिलिंग. आणि आपल्या माहीमच्या एल. जे. रोडवरची केसरी? केसरी पाटील यांनी ती १९८४मध्ये सुरू केली. त्यांची मुलगी वीणा पाटील यांनी २०१३मध्ये 'वीणा वर्ल्ड' काढलं. मराठी माणसाला या कंपन्यांनी नेमकं काय विकलं? आयफेल टॉवर तर सगळेच दाखवतात. यांनी सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर दिला आणि परदेशात आपल्या चवीचं जेवण दिलं. परक्या देशात आपलं कुणीतरी आहे, हा दिलासा विकला.

तात्पर्य काय, तर तिकीट हा माल नव्हेच. माल आहे जबाबदारी.

लालबागचं टेबल

माझी एक मैत्रीण आहे, लालबागची. सहा वर्षं एका इन्शुरन्स कंपनीत होती, तीही लोअर परळलाच. दोन वर्षांपूर्वी तिने नोकरीला रामराम ठोकला आणि घरच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्याच्या बाजूला एक टेबल टाकलं. एक लॅपटॉप, दोन फोन, एक प्रिंटर. पहिले ग्राहक कोण? तर आईचं भजनी मंडळ! पहिली ट्रिप अष्टविनायक.

त्यावर तिची आई काय म्हणाली, ते फार मोलाचं आहे. "अगं, लोकांचे पैसे घेतेस ना? मग भिशीसारखे पदरात बांधून ठेवू नकोस. पावती दे, वहीत लिही." एमबीएच्या दोन वर्षांत यापेक्षा जास्त काही शिकवत असतील असं मला वाटत नाही.

भजनी मंडळाच्या काकूंना वेबसाइट वापरता येत नाही, असं अजिबात नाही. त्यांच्या नातवंडांनी पाच मिनिटांत सगळं बुक केलं असतं. पण लेण्याद्रीच्या पायऱ्या ज्यांना झेपणार नाहीत त्यांच्यासाठी डोलीची सोय, उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रूम शक्यतो तळमजल्यावर आणि बाथरूम कमोडचंच, हे सगळं कुठल्या बटणावर क्लिक करून मिळणार? त्यासाठी कुणीतरी आधी फोन करून विचारून ठेवावं लागतं. ते ती करते.

एकविसावी सीट

आता जरा हिशेब. आकडे समजून घेण्यासाठी धरलेत, पण गणित अस्संच चालतं.

समजा, दोन दिवसांची अष्टविनायक ट्रिप, ३० सीटची बस. बसभाडं ३६ हजार. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, किरकोळ खर्च मिळून ६ हजार. हे ४२ हजार कितीही माणसं आली तरी जाणारच. राहणं माणशी ९०० आणि जेवणखाण माणशी ९००. तुम्ही दर ठेवलात ३,९००.

तीसच्या तीस सीट भरल्या, तर जमा १ लाख १७ हजार, खर्च ९६ हजार, हातात २१ हजार. मस्त! पण वीसच माणसं आली तर? जमा ७८ हजार आणि खर्चही बरोब्बर ७८ हजार. म्हणजे दोन दिवस धावपळ करून, घसा बसवून कमाई शून्य. तुमचा पगार एकविसाव्या सीटपासून सुरू होतो, बॉस!

म्हणूनच या धंद्यात 'नक्की येतो' या शब्दाला किंमत नाही. किंमत आहे ॲडव्हान्सला. आणि खरी परीक्षाही नेमकी तिथेच सुरू होते.

रात्री साडेनऊचा फोन

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी तिच्याच घरी जेवायला गेले होते. साडेनऊच्या सुमाराला फोन वाजला. गिरगावातली तीन कुटुंबं, एकूण चौदा माणसं, तारकर्लीला पोचली होती. आणि रिसॉर्टवाला म्हणत होता, रूम दुसऱ्यांना दिल्या.

"बाळ, म्हाताऱ्या माणसांना घेऊन आम्ही रस्त्यावर उभे आहोत गं," पलीकडचे काका म्हणाले.

"काका, मला पंधरा मिनिटं द्या. तोवर आजींना गाडीतच बसवा, एसी चालू ठेवा," ही म्हणाली. आवाज एकदम शांत. फोन ठेवल्यावर मात्र तिचे हात थरथरत होते.

मालवणच्या मावशीला फोन गेला. मावशीने देवबागच्या ओळखीतल्या दोन घरगुती निवासवाल्यांना उठवलं. अकराच्या आत चौदाही जणांच्या पुढ्यात सोलकढी आणि गरम भात! फक्त एक अडचण होती. ऐन सीझनचा दर, तोही आयत्या वेळचा. फरक ११ हजारांचा आणि या ग्रुपमधून तिला सुटणार होते ७ हजार.

त्या क्षणी तिच्या बिझनेस अकाउंटमध्ये १ लाख ६० हजार रुपये होते. जूनमधल्या लडाख ग्रुपचा ॲडव्हान्स! मी सहज बोलून गेले, "मग त्यातून दे ना आता. नंतर भर." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते माझे नाहीत." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची एफडी मोडली.

रिसॉर्टने अर्धी रक्कम परत केली, तीही तीन महिन्यांनी. पण गिरगावच्या त्या काकांनी दिवाळीपर्यंत तिला आणखी दोन ग्रुप आणून दिले. याला सुखान्त म्हणावं का, मला माहीत नाही. समजा, ते दोन ग्रुप आले नसते, तरीही तिचा निर्णय बरोबरच होता. कारण एका ग्रुपचं भोक दुसऱ्या ग्रुपच्या पैशांनी बुजवायला सुरुवात झाली, की पुढची प्रत्येक ट्रिप मागच्या ट्रिपचं कर्ज फेडत राहते. मग एक दिवस बुकिंग थांबतं आणि सगळा डोलारा खाली येतो.

आणि बुकिंग थांबतं, बरं का! मार्च २०२०मध्ये कोविडमुळे विमानं जमिनीवर आली, तेव्हा एका आठवड्यात सगळा सीझन कॅन्सल झाला. १ ऑक्टोबर २०२०ला सुप्रीम कोर्टाने लॉकडाउनमधल्या विमान तिकिटांच्या रिफंडबद्दल निकाल दिला. तिकीट एजंटमार्फत काढलं असेल, तर विमान कंपनीकडून आलेले पैसे एजंटने ग्राहकाला लगेच द्यायचे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे घरच्या वहीतला नियम आणि कोर्टाचा नियम एकच!

मोठ्या नावांचीही यातून सुटका नाही. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज बंद पडली. १७५८पासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ब्रिटनची थॉमस कुक सप्टेंबर २०१९मध्ये कोसळली, तेव्हा तिचे सुमारे सहा लाख प्रवासी घराबाहेर होते. (भारतातली थॉमस कुक वेगळी कंपनी आहे, तिला काही झालं नाही.) अशा वेळी ग्राहक विमान कंपनीच्या हेड ऑफिसात जात नाही. तो तुमच्या घरची बेल वाजवतो.

राजीनामा टाइप करण्याआधी

हे वाचूनही खुमखुमी कायम असेल, तर अभिनंदन! आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट, राजीनामा घाईने देऊ नका. नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई नाही ना, ते पाहा आणि शनिवार-रविवारच्या तीन-चार ट्रिप करून बघा. सगळे सुट्टीवर असताना आपण काम करायचं, हे जमतंय का ते तेव्हाच कळतं.

दोन, कागदपत्रं. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील, तर महाराष्ट्रात गुमास्त्यासाठी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. लक्षात घ्या, उलाढाल म्हणजे नफा नव्हे. तुम्ही स्वतःचं पॅकेज विकलं, तर पूर्ण रक्कम धरली जाते, त्यामुळे ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते. परदेशी पॅकेजवर ऑक्टोबर २०२०पासून ग्राहकाकडून टीसीएसही गोळा करावा लागतो. त्याचे दर बदलत राहिलेत, तेव्हा आधी सीए गाठा.

तीन, दोन बँक खाती. एक ग्राहकांच्या ॲडव्हान्सचं, एक तुमच्या कमाईचं. ट्रिप संपून सगळ्यांची बिलं चुकती झाली, की मगच पहिल्यातून दुसऱ्यात पैसे हलवायचे.

चार, कॅन्सलेशनचे नियम लेखी द्या, अगदी मावसभावालाही. मावसभावाला तर आधी द्या!

पाच, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. पावसाळ्यात फोन गप्प असतो, लाइटबिल गप्प नसतं.

आणि सगळ्यात शेवटी, भारतभर विकायच्या फंदात सुरुवातीलाच पडू नका. ज्या गल्लीत लोक तुम्हाला 'अमक्याची मुलगी' किंवा 'तमक्याचा मुलगा' म्हणून ओळखतात, तिथूनच सुरुवात करा. तिथे तुम्हाला फोन बंद करून गायब होता येत नाही. ग्राहकाला नेमकं तेच हवं असतं.