औषध म्हणायचे की विष?

हल्ली बोलण्यात इंग्रजी शब्द फार घुसले, मराठी बाटली, अशी ओरड पारावर नेहमी ऐकू येते. ओरडीत तथ्य नाही असे नाही. पण ओरडणारे गृहस्थच उठताना "उद्या टायमावर या बरं का" असे सांगून जातात! आपल्या शाळेचेच पाहा ना. कागद, शाई, दप्तर हे शब्द फारशीकडून आले. बटाटा आणि बादली पोर्तुगीजांकडून. छत्रपती शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारशी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पुढे सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर असे शब्द दिले, तेही रुजले. तरी तारीख काही गेली नाही. तारीख आणि दिनांक दोन्ही सुखाने नांदतात. त्यात कुणाचे काही बिघडले नाही.

बिघडते ते ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्यालाच शब्द कळत नाही तिथे.

फवारणीचे घ्या. दुकानात काय सांगतात? "याचा डोस हेवी ठेवा, त्यात हे टॉनिक मिक्स करा, मग रिझल्ट पाहा." वाक्य ऐकायला मराठी, क्रियापदे सगळी मराठी. पण किती मिली, किती पाण्यात, कशात काय मिसळू नये, यातले एक अक्षरही त्यात नाही. मालक घरी येऊन मजुराला तेच सांगतो, "डोस हेवी मार गा." मजूर पंप पाठीवर घेतो. हेवी म्हणजे जास्त विष, आणि वारा फिरला की ते आपल्याच नाकातोंडात, हे त्याला कुणी सांगत नाही. विचारावे तर अडाणी ठरू, म्हणून तोही विचारत नाही. मला तर त्या इंग्रजी शब्दापेक्षा ही लाजच जास्त घातक वाटते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. कारणे पुष्कळ होती. पऱ्हाटी माणसाच्या वर वाढलेली, अंगावर संरक्षणाचे कपडे नाहीत, दोन-तीन प्रकारची रसायने एकत्र केलेली. सगळा दोष भाषेवर ढकलणे बरोबर होणार नाही.

मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या सगळ्या व्यवहारातला सर्वांत फसवा शब्द इंग्रजी नाहीच. तो अस्सल आपला आहे: औषध. "वावरात औषध मारलं", "औषधाचा डबा कोनाड्यात आहे" असे आपण खुशाल बोलतो. लहान पोराने काय समजावे? त्याला औषध म्हणजे आजी चमच्याने पाजते ते. जास्त विषारी असलेल्या डब्यांवर लाल अक्षरांत 'पॉयझन' छापलेले असते. म्हणजे परक्या भाषेने खरे सांगितले आणि आपण आपल्या भाषेत ते झाकले!

डब्यावर शंकरपाळ्यासारखा एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा म्हणजे बिनविषारी असे मुळीच नाही. रंग वाचायला कोणतीच भाषा लागत नाही, तरी फार थोडे लोक तो पाहतात. डब्यासोबत माहितीपत्रक येते. नियमाप्रमाणे त्यात प्रादेशिक भाषाही असते, पण अक्षर मुंगीएवढे. वडिलांना दिसत नसेल तर चौथी-पाचवीच्या मुलाने मोठ्याने वाचून दाखवावे. 'अँटिडोट' या शब्दाशी अडाल, तर त्याला मराठीत उतारा म्हणतात. पुस्तकातला उतारा मुलांना माहीत, सातबाराचा उतारा घरच्यांना माहीत. हा विष उतरवणारा. तो कोणता ते पत्रकात लिहिलेले असते, म्हणून कुणाला बाधा झाली तर दवाखान्यात जाताना पत्रक सोबत घेऊनच निघावे. डॉक्टरांचा वेळ वाचतो.

असे अडलेले शब्द व त्यांचे सोपे अर्थ चौथीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या बाजूला लिहून ठेवले आहेत. पालकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन पाहावेत व आपल्याकडचे शब्द भर घालावेत. पत्रक आणायचे तर मोठ्या माणसाने दुकानातून कोरे आणावे. मुलांच्या हाती डबा देऊ नये, रिकामासुद्धा.