कळ सोसावी की सांगावी?

आमच्या मराठी भाषेने दातांना फार बोलके केले आहे. कोणी कोणावर दात धरतो, कोणी दातओठ खातो, कोणाची ऐन वेळी दातखीळ बसते. आणि एखाद्याची मनधरणी करता करता आपल्या दातांच्या कण्या होतात. परंतु दात खरोखरीच दुखू लागला म्हणजे हीच भाषा बोलणारी माणसे एकाएकी मुकी होतात, हे नवल आहे. दिवाळी होऊन जाऊ दे, मुलांच्या परीक्षा आटोपू देत, पाहुणे गावी परतू देत, असे म्हणत घरची गृहिणी दाढेखाली लवंग धरून महिनेच्या महिने काढते. आणि गाल सुजला म्हणजे मग घरात सर्वांना कळते की, हिची दाढ दुखत होती. या मौनाविषयी आज चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

इंदूरसारख्या शहरात उपचार दूर आहेत, असे कोणी म्हणू शकणार नाही. आमच्या पलासियात छप्पन दुकानांवर जिलेबी खाऊन निघालेल्या माणसास घरी पोहोचेपर्यंत दंतवैद्याच्या एकदोन पाट्या सहज दिसतात. महाराजा यशवंतराव रुग्णालयाजवळचे शासकीय दंत महाविद्यालय तर १९६१ पासून रुग्णांची सेवा करीत आहे. मग अडते कोठे? पैशापाशी अडत असेल. परंतु पुष्कळदा अडते ते भीतीपाशी. ही भीती अगदीच निराधार नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी दात काढणे म्हणजे दोघांनी खांदे दाबून धरावेत आणि तिसऱ्याने चिमटा चालवावा, असा प्रकार असे. त्या आठवणी कथांच्या रूपाने घराघरांत उतरल्या आहेत आणि आजचा रुग्ण पणजोबांच्या काळचे भय मनात घेऊन खुर्चीत बसतो.

वास्तविक वेदनेवर विजय मिळविण्याच्या इतिहासात दंतवैद्यांचा मान मोठा आहे. अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. पुढच्याच महिन्यात बोस्टन येथे त्याने हा प्रयोग लोकांसमोर केला, तेव्हा रुग्ण मध्येच ओरडला आणि बिचाऱ्या वेल्सची हेटाळणी झाली. परंतु १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरची भूल देऊन दाखविली आणि शस्त्रक्रियेचे युगच पालटले. पुढे १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो, हे सिद्ध केले. रुग्ण जागा असताना तेवढा भाग बधिर करण्याची वाट त्यामुळे खुली झाली. आज दंतवैद्य जे लिग्नोकेन वापरतात, ते स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन याने १९४३ साली तयार केले. म्हणजे दाढेच्या कळेने माणसास केवळ रडविले नाही, शोधासही लावले. इतके झाल्यावर आम्ही मात्र अद्याप सोसण्यातच पुरुषार्थ मानावा, हे कितपत शोभते?

सोसण्याची शिक्षा दुहेरी असते. दाताच्या आतील गाभा फार सुजला किंवा मुळाशी पू झाला, तर तेथील आम्लता वाढते. आणि आम्लतेत बधिरतेचे औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही. म्हणून दुखण्याच्या भीतीने जो उशीर करतो, त्यालाच सुई टोचल्यावरही दुखण्याचा संभव अधिक. मग तो घरी येऊन सांगतो, ‘इंजेक्शन देऊनही दुखले’, आणि ते ऐकून आणखी चौघे उशीर करतात. भीतीचे हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे. आणि ते तोडण्याचे पहिले साधन औषध नसून शब्द आहे.

वाचकहो, दुखण्याचे प्रकार ओळखणारे किती नेमके शब्द आपल्या घरात आहेत, ते पाहा. चिंच-कैरी खाल्ल्याने दात आंबतात. थंड पाण्याने दात शिवशिवतो आणि पाणी गिळताच थांबतो. दाढ ठणकते, ती रात्री आडवे होताच अधिक ठणकते. चावताना एखादी सणक कानापर्यंत जाते. गळवासारखी हिरडी ठसठसते. हे केवळ भाषेचे अलंकार नव्हेत. क्षणभर शिवशिवून थांबणारा दात बहुधा साध्या भरणीने वाचतो. आपोआप ठणकणारी, थंड-गरम लागल्यावर बराच वेळ दुखत राहणारी, झोपेतून उठविणारी दाढ ही आतला गाभा बिघडल्याची खूण असते. तेथे रूट कॅनाल करावे लागते किंवा दाढ काढावी लागते. दाढ उंच झाल्यासारखी वाटून चावताना दुखते, तेव्हा मुळाच्या टोकाशी विकार पोहोचला असण्याचा संभव असतो. निदान पक्के करण्यास तपासणी आणि क्ष-किरण चित्र लागतेच. परंतु कोठे पाहावे हे रुग्णाचा शब्दच सुचवितो.

आम्हां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांची अडचण येथेच आहे. आजी म्हणते, ‘रात्रभर दाढ ठणकत होती, कानात सणका जात होत्या’. आणि सोबत आलेला नातू डॉक्टरांना हिंदीत सांगतो, ‘दाँत में दर्द है’. रात्र गळाली, कान गळाला, ठणका गळाला. उरले ते नुसते दर्द. आपली मुले हिंदी उत्तम बोलतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु आजीचे म्हणणे पोहोचवायचे तर आधी तिची मराठी समजली पाहिजे. म्हणून सोबत जाणाऱ्याने तिला चार गोष्टी नीट विचाराव्यात आणि तशाच सांगाव्यात : कधीपासून दुखते, कशाने दुखते, किती वेळ टिकते, झोप मोडते की नाही. घरची भाषा जपण्याचा हाही एक उपयोग आहे.

आता प्रत्यक्ष खुर्चीतील गोष्ट. तेथे तोंड उघडे असते आणि वाचा बंद असते, अशी विलक्षण अवस्था होते. यास्तव आरंभीच डॉक्टरांशी ठरवून घ्यावे : ‘दुखले तर मी डावा हात वर करीन, आपण थांबावे.’ या एका संकेताने निम्मा धीर येतो. कारण भय वेदनेचे जेवढे असते, तेवढेच आपल्या हाती काही नाही या भावनेचे असते. सुई टोचण्यापूर्वी हिरडीस बधिर करणारा मलम लावता येतो. औषध सावकाश सोडले तर कमी दुखते. टोचताना गाल दाबला किंवा हलविला तरी कळ बोथट होते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये याचे कारण सुचविले. स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूपाशी जणू फाटक ओढून घेतात आणि वेदनेची वाट अरुंद होते, असे ते म्हणाले. ठेच लागली की आई तेथे फुंकर घालून चोळते, त्यात काही शास्त्र होते, म्हणावयाचे! बधिर झाल्यावरही दाब आणि ओढ जाणवते. परंतु तीव्र कळ आली, तर हात वर करावा. औषध पुन्हा देता येते.

मुलांच्या बाबतीत आम्ही मोठी माणसे दोन अपराध करतो. एरवी ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक घालतो आणि खरोखर न्यावयाचे झाले म्हणजे ‘काही दुखणार नाही’ असे सांगतो. पहिल्याने डॉक्टर शत्रू ठरतो, दुसऱ्याने पालक खोटा ठरतो. शाळेत आम्ही पाहतो की, मूल कठीण गोष्टीला तितके भीत नाही, जितके फसवणुकीला भिते. ‘मुंगी चावल्यासारखे क्षणभर होईल, मग गाल जड वाटेल’ असे खरे सांगावे. चांगले दंतवैद्यही हेच करतात : आधी सांगतात, मग उपकरण हातात देऊन दाखवितात, मग काम करतात. बधिरता उतरण्यास काही तास लागतात. तोवर मूल ओठ किंवा जीभ चावणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

सांगण्यासारखे आणखीही आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण, एखाद्या औषधाचे वावडे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे सारे आधीच सांगावे. मात्र अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या हिरडीवर दाबून ठेवू नये; त्याने हिरडी भाजते. लवंगेचे तेल थोडा वेळ आराम देते, कीड बरी करीत नाही. प्रतिजैविके ही वेदनाशामके नव्हेत. दाढ काढल्यावर सुचविलेली वेदनाशामक गोळी बधिरता पुरती उतरण्यापूर्वीच घ्यावी, पहिला दिवस जोराने चुळा भरू नयेत आणि तंबाखूस शिवू नये. दोनतीन दिवसांनी ठणका उलट वाढला, तर पुन्हा दाखवावे. आणि ताप येऊन सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासास अडथळा होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दाताचे दुखणे जिवावरही बेतू शकते.

सहनशीलता हा गुण आहे, याविषयी आमचे दुमत नाही. जेथे उपाय नाही, तेथे ती माणसाला उभे ठेवते. परंतु उपाय हाताशी असताना मुकाट्याने सोसणे, आणि घरच्या स्त्रीने ते सोसले म्हणून तिचे कौतुक करणे, हा सद्गुणाचा दुरुपयोग होय. यंदाच्या दिवाळीचा फराळ करण्यास बसण्यापूर्वी प्रत्येक घरात एकदा तरी विचारले जावे, ‘आई, तुझी दाढ दुखत नाही ना?’ आणि तिने ‘नाही’ म्हटले, तरी ती कोणत्या बाजूने चावते, तेवढे पाहून घ्यावे.