आपला मास्तर गावात का निजत नाही?



1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे एक मागणी मांडली. गावच्या शाळेतील मास्तर शेतकरी वर्गातून घ्यावा. जो वेळप्रसंगी नांगराची मूठ अगर सुताराचा वाकस हाती धरण्यास लाजणार नाही आणि गोरगरिबांत मिसळून राहील. त्या काळी बहुतेक पंतोजी ब्राह्मण असत. कुणब्या-माळ्याच्या पोराला ते दोन हात लांब बसवीत. ते अंतर तुटावे म्हणून ही मागणी होती.

आज ती मागणी पुरी झाली असे कागद सांगतो. आपल्या वालूर-सेलूकडच्या शाळांची हजेरीबुके उघडा. मास्तर मराठा, माळी, धनगर, वंजारी, सुतार, मातंग, बौद्ध अशा आपल्याच घरांतले आहेत. मग आनंद मानावा ना? पण शाळा सुटल्याची घंटा वाजते, मोटारसायकलींना किक बसते आणि धूळ खाली बसेपर्यंत गावात एकही मास्तर उरत नाही. पंतोजी दोन हात लांब होता; आपला मास्तर एक तालुका लांब आहे!

आता परक्यांचे एक घराणे पाहा. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम 1839 साली पत्नी हॅना यांच्यासह मुंबईस आले. 1854 साली प्रकृती ढासळली म्हणून मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. विधवा हॅनाबाई लेकरे घेऊन अमेरिकेस गेल्या. एवढ्यावर त्या घराचा हिंदुस्थानाशी संबंध तुटला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण 1847 साली मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट येल येथे शिकून 1874 साली परत आला, तो थेट अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. त्याचा भाऊ एडवर्ड याने मुंबईस भायखळ्याला शाळा चालविली. रॉबर्टने 1878 साली नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले आणि सुमारे अर्धे शतक त्या भागात घालविले. त्याची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरलाच बायकांची सेवा करावयास आली. पुतण्या एडवर्ड 1876 साली नगरला जन्मला. तो पुढे चीन देशात चांगशा येथे गेला; तेथे येलच्या वतीने दवाखाना उभारला आणि वैद्यकीय कॉलेज उभे करण्यात पुढाकार घेतला. मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट हाही नगरचाच. त्याने 1921 साली तेरा मुख्य उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर छापले. जी अक्षरे शूद्राच्या कानी पडू नयेत असा दंडक होता, ती नगरच्या पाद्र्याच्या पोराने दुकानात मांडली. दाम मोजा आणि वाचा!

थांबा. मी त्यांना संत ठरवावयास निघालो नाही. ते आपला धर्म पसरवावयास आले होते. नगरचे विद्यालय प्रथम उपदेशक तयार करण्यासाठी होते. दुष्काळात भाकरीच्या मागोमाग बायबल येई. राज्य गोऱ्यांचे होते, त्याचे पाठबळ गोऱ्या पाद्र्याला आपोआप मिळे. बाप्तिस्मा घेऊनही जात सुटली नाही, हे आपले ख्रिस्ती बांधवच सांगतात. म्हणून त्यांचा धर्म त्यांना लखलाभ असो. पण शत्रूचीही चांगली खोड उचलावी. त्यांची खोड ही, की जेथे शिकवायचे तेथेच चूल मांडायची, तेथेच लेकरे वाढवायची आणि तेथेच म्हातारे व्हायचे. सात समुद्रांपलीकडचा मनुष्य मराठी शिकून नगरला राहतो. आणि आपला पोरगा, ज्याच्या बापाने औत विकून त्याला डी.एड. केले, त्याला वालूर लांब वाटते!

ही नुसती चीड नव्हे. मीही त्याच पंगतीतला आहे. अध्यापक विद्यालयातून निघाल्यावर मी स्वतः सहा वर्षे जा-ये केली. त्या सहा वर्षांत वर्गातली किती पोरे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली हे मला हजेरीवरून कळे, तेही आठवड्याने. गावात राहू लागलो तेव्हा कळले, की ट्रॅक्टर रात्री भरतो. रात्री जो मास्तर दारात उभा असतो, तोच म्हणू शकतो, ‘आबा, पोरगी आजीपाशी ठेवा, अभ्यासाचे मी पाहतो.’ ज्या घरात पहिल्यांदाच पाटी आली, त्या घराला दिवसाच्या पाच तासांपेक्षा संध्याकाळचा एक तास अधिक मोलाचा असतो. आईबापांना वाचता येत नाही. पोराने अडलेले कोणाला विचारावे?

आपल्या आज्या-पणज्यांचे दिवस आठवा. हा परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठी घरच्या पोराला वर जाण्याची वाट अरुंद होती. इतक्या अडचणींतून शाळा दारात आली, ती आता दिवसा उघडी आणि रात्री पोरकी!

यात दोष एकट्या मास्तरचा नाही, तुमचाही आहे. मास्तर गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो, असा आदेश सरकारने 2019 साली काढला. त्या ठरावाला हात कोण वर करतो? तुम्हीच! घरभाड्याचा पैसा गावात राहण्यासाठी, मास्तर तालुक्याला आणि सही तुमची. सत्यशोधकांच्या वारसांनी खोट्यावर अंगठा उठवावा, हे शोभते काय?

मास्तर म्हणतील, ‘गावात घर कुठे? बाईमाणसाने एकटीने कसे राहावे? आमच्या पोरांच्या शिक्षणाचे काय?’ हे प्रश्न खोटे नाहीत. ह्यूम मंडळींनाही त्याची किंमत मोजावी लागली. पण उत्तर गावाच्या हातात आहे. वालूरकरांनी आपली जुनी चक्राकार बारव हातांनी गाळ काढून मोकळी केली. जे हात दगडी पायऱ्या उजेडात आणतात, ते शाळेमागे चार खोल्या, संडास आणि पाण्याचा नळ करू शकत नाहीत? बाई शिक्षिकेला शेजार म्हणून दोन घरे जबाबदार धरा. आणि मास्तरांनो, तुमचे पोर गावच्या शाळेत बसू द्या. ज्या शाळेत मास्तरचे पोर बसते, ती शाळा आपोआप सुधारते. सुधारली नाही तर घरी बायको जाब विचारते.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोनच गोष्टी करा. खोटा ठराव नामंजूर करा आणि खरा ठराव होण्यासाठी खोल्या बांधा. एक केले आणि दुसरे टाळले, तर ते मास्तरचे नुसते वैर ठरेल. जोतीरावांनी मास्तर आपल्यातला मागितला. तो मिळाला. आता त्याला आपल्यात राहावयास लावणे हे आपले काम आहे.

– वालूरचा एक खेडवळ शिक्षक